वीस फुटांवरची कुजबूज

डॉक्टरांची कुजबूज फाटकापर्यंत ऐकू जायची, म्हणून मला ती नोकरी लागली.

नीट सांगते. ते विमानदलातून निवृत्त झालेले डॉक्टर. लोणावळ्यात, खंडाळ्याच्या रस्त्याला आत एक बैठा बंगला होता, तिथं एकटे राहायचे. तापाचे-खोकल्याचे पेशंट घेत नसत. विमान चालवणारे, आणि विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना 'थांब, आता उतर' असं सांगणारे कंट्रोलर, या दोनच जातींची माणसं त्यांच्याकडे यायची. या लोकांना ठरावीक मुदतीनं शरीर तपासून घ्यावं लागतं. डोळे, कान, छाती, साखर, सगळं. दिल्लीच्या ऑफिसच्या यादीत ज्या डॉक्टरांची नावं असतात त्यांनीच तपासायचं आणि कागदावर फिट किंवा अनफिट लिहायचं. अनफिट लिहिलं की माणूस जमिनीवर. मग तो कितीही मोठा कॅप्टन असो.

मी तिथं झाडलोट आणि दोन वेळचा स्वयंपाक एवढ्यालाच होते. कान तपासायला त्यांनी घराचा लांब व्हरांडा काचा लावून बंद करून घेतला होता. एका टोकाला फरशीवर तांबडी रेघ. आलेल्या माणसानं रेघेवर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, एका कानात बोट घालून ते हलवत ठेवायचं, म्हणजे तो कान बंद. मग वीस फुटांवरून पाठीमागून कोणीतरी शब्द कुजबुजायचा आणि त्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा. सोपं काम. पण डॉक्टरांचं सगळं आयुष्य विमानाच्या इंजिनाशेजारी बोलण्यात गेलेलं. त्यांनी हळूच 'पाट' म्हटलं की शेजारच्या बंगल्याचा माळी कुंपणावरून विचारायचा, "काय साहेब, पाट पाहिजे का?"

एक दिवस मी व्हरांडा पुसत होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कुजबुजता येतं का?"

मी म्हटलं, "दोन खोल्यांत अकरा माणसं राहत होतो. सासू पडद्यापलीकडे जागी असायची. कुजबुजता आलं नसतं तर मला पोरं झाली नसती."

ते हसले नाहीत. मी त्यांना तीन-चारदाच हसताना पाहिलंय आणि तेव्हाही हसायची वेळ नव्हती. म्हणाले, "फडकं ठेवा आणि इकडे या."

कुजबुजायचंही शास्त्र असतं हे मला त्या दिवशी कळलं. आधी साधा श्वास सोडायचा. मग छातीत जी हवा उरते तेवढ्यातच शब्द म्हणायचा. त्यामुळं रोज आवाज सारखाच निघतो, चढत नाही, पडत नाही. आठ दिवस त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं. भाकरी थापतानाही मी श्वास सोडून 'खाट, ताट' म्हणत होते. रमजानात माझा घसा दुपारनंतर कोरडा पडायचा, तर त्या महिन्यात कानाची तपासणी ते सकाळी आठलाच उरकायचे. कारण एकालाही सांगितलं नाही. येणाऱ्यांना वाटायचं, सरकारी नियम असेल.

शब्दांच्या याद्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. खाट, ताट, पाट, वाट, लाट, घाट. साप, ताप, बाप, माप, काप. ते म्हणायचे, "कान म्हातारा होतो तेव्हा अख्खा शब्द जात नाही, बाई. आधी शब्दाचं डोकं जातं. धड ऐकू येतं, आणि मग माणूस आपल्या मनानं त्यावर डोकं बसवतो. तुम्ही ताप म्हणता, तो बाप म्हणतो, आणि त्याला वाटतं आपण बरोबर ऐकलं. हा माणूस बहिऱ्यापेक्षा वाईट. बहिरा निदान 'काय?' म्हणून विचारतो."

मराठी न येणाऱ्यांसाठी हिंदी आणि इंग्रजी याद्या होत्या. इंग्रजी यादी मला मराठी अक्षरांत लिहून दिली होती: पिन, टिन, बिन, फिन. अर्थ मला ठाऊक नव्हता आणि कुणी विचारलाही नाही. आकडे मात्र ते कधी देत नसत. म्हणायचे, आकडा ऐकू आला नाही तरी अंदाजानं सांगता येतो, अंदाजानं विमान उतरवता येत नाही.

एकदा पुण्याचा एक तरुण कंट्रोलर आला होता. मी 'साप' म्हटलं आणि तो कानातलं बोट काढून थेट खुर्चीवर चढला. डॉक्टरांनी कागदावर खूण केली आणि ओरडले, "बरोबर! कान उत्तम. उतरा खाली, धडधडतंय तोवर छातीही बघून घेतो."

'बरोबर' हा शब्द ते असाच ओरडायचे, जुन्या मास्तरांसारखा. उत्तर चुकलं तर काहीच बोलायचे नाहीत, नुसती पेन्सिल चालायची. व्हरांडा गप्प राहिला की रेघेवरच्या माणसाच्या मानेला घाम यायचा. वीस फुटांवरून मला दिसायचा.

बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. येणाऱ्यानं स्टेशनवरून पायी यायचं, हा पहिला नियम. रिक्षातून उतरलेला दिसला की त्याला परत पाठवायचे. वरचा चढ चढून माणूस फाटकाशी यायचा तेव्हा ते खिडकीत उभे. फाटकाची कडी आधी आत ढकलून मग वर उचलावी लागे. कुणी दोनदा बघून उघडायचा, कुणी लाथ घालायचा. लाथ घालणाऱ्याचा रक्तदाब ते दोनदा तपासायचे. मला म्हणायचे, "अर्धा माणूस फाटकातच कळतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मशीन."

रंग ओळखायचं एक पुस्तक असतं, ठिपक्याठिपक्यांत आकडा लपवलेला. मुंबईची काही पोरं ते पाठ करून यायची. डॉक्टर दोन पानं सरळ दाखवायचे आणि तिसरं उलटं धरायचे. पाठ केलेला पोपट तिथं थांबायचा.

आणि चिक्की. मुंबईहून येणारा प्रत्येक माणूस स्टेशनबाहेर चिक्की घ्यायचा आणि ती लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला भेट द्यायचा. डॉक्टर डबा हातात घेऊन त्या माणसाकडं असं बघायचे की त्याला वाटायचं आपण खून केलाय. त्यांचं म्हणणं, जो भेट आणतो त्याला काहीतरी लपवायचं असतं. एका जाड्या कॅप्टननं दोन किलो आणली होती. त्याची साखर खरंच फार निघाली. तो खुर्चीत बसून रडायला लागला. डॉक्टर म्हणाले, "रडू नका. अनफिट म्हणजे वाईट नव्हे, आणि फिट म्हणजे शहाणा नव्हे. मी नापास केलेली पुष्कळ माणसं माझ्यापेक्षा चांगली होती. पण वर आकाशात गाडी बाजूला घ्यायला जागा नसते. तीन महिन्यांनी या." मग मला म्हणाले, "बाई, यांना भाकरी द्या. तूप नको."

पावसाळ्यात दोन-अडीच महिने कानाची तपासणी जवळजवळ बंदच असायची. इथला पाऊस पत्र्यावर पडतो तेव्हा ओरडलेलं ऐकू येत नाही, तिथं कुजबूज काय करणार. एरवी घाट चढणारी मालगाडी आली की ते हात वर करायचे, म्हणायचे, "जाऊ द्या तिला." गाडी जाईपर्यंत सगळे पुतळे.

असं चांगलं सहा-सात वर्षं चाललं.

मला आधी कुकरनं सांगितलं. डॉक्टर आपल्या खोलीत बसून शिट्ट्या मोजायचे आणि तिसरी झाली की आतून ओरडायचे, "तीन!" त्यांना डाळ जास्त शिजलेली चालत नसे. एका वर्षी ते ओरडायचे थांबले. मला वाटलं, विश्वास बसला असेल माझ्यावर. मग दाराची घंटा वाजली तरी उठेनात. भाजीवाला फाटकातून ओरडायचा तो आणखी मोठ्यानं ओरडायला लागला. मी काही बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाला तू म्हातारा झालास हे सांगण्यात काय अर्थ आहे? त्याला ठाऊक असतं.

पण व्हरांड्यात ती गोष्ट वेगळी होती. डॉक्टर माझ्या शेजारी स्टुलावर कागद घेऊन बसायचे. रेघेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून उत्तर द्यायचा, ते वीस फुटांवरून यायचं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की ते त्या माणसाकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतायत. उत्तर बरोबर आलं की माझी मान हलायची, ती ते बघत होते. मग मी मान सोडून हात वापरायला लागले. बरोबर असेल तर एक बोट वर, चूक असेल तर मूठ. मी बोट वर केलं की ते ओरडायचे, "बरोबर!" यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन वर्षं चाललं.

म्हणजे बघा. कुजबूज माझी, निकाल माझा, सही तेवढी त्यांची. माणूस रेघेवर पास की नापास, हे माझ्या बोटावर. मला ते कळत होतं. कधी झोप उडाली असं खोटं सांगणार नाही. मला येणारं काम मी बरोबर करत होते. पण काम माझं नव्हतं, हेही खरं.

मग आमच्या वाडीचा कॅप्टन आला.

माझं सासर गडाखालच्या वाडीतलं. मुसलमानांची आमची तीन घरं, बाकी सगळे शेतकरी. आमच्या घराच्या मागच्या अंगाला राहणाऱ्यांचा मुलगा विमान चालवायला शिकला. वाडीत जायच्या वळणावर त्याचा विमानासकट फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. गडावर जाणारी पुण्या-मुंबईची पोरं त्या फ्लेक्सखाली सेल्फी काढायची. आता तो तळेगावला सोसायटीत राहतो, बायको, दोन मुली. वय अडतीस असेल.

एका रविवारी त्याची आई माझ्या लोणावळ्याच्या खोलीवर आली. पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन. आमची तिची जुनी ओळख. तिची बाळंतपणं मी केलेली, माझी तिनं. पण ती कधी तांदूळ घेऊन आली नव्हती, म्हणून मी पिशवी उंबऱ्यातच ठेवू दिली.

"चाची, पोराची तपासनी हाय बुधवारी. तुज्या डाक्टराकडं."

"बरं."

"दर साली मुंबईला करतंय. या साली म्हनलं हितंच कर, जवळ पडतंय."

मी म्हटलं, "मुंबईहून लोक हितं येतात ते डॉक्टर सोपा म्हणून नाही येत."

तिनं पिशवी जरा आत सरकवली. मग म्हणाली, "डाव्या कानात त्येच्या काय तरी झालंय. दडं बसल्यावानी हुतंय म्हनतं. औशिद घिऊन बरं हुईल. पर कागदावर आलं तर घरी बसवत्याल त्येला. कानाची मशीनवरची तपासनी फुडल्या साली हाय, आत्ता नुसतं तुजं बोलनं ऐकायचं हाय."

"माझं बोलणं नाही. कुजबूज."

"त्येच. चाची, जरा मोठ्यानं कुजबुज की."

मी म्हटलं, "मोठ्यानं कुजबुजलं की त्याला बोलणं म्हणतात."

"मंग बोल! कुनाला कळतंय? डाक्टरला कुटं ऐकू येतंय? सगळ्या लोनावळ्याला ठावं हाय. भाजीवाला म्हनतो, भोपळा न्हाई, दोडका हाय म्हनलं तर म्हातारा नुसती मान हलवतो, दोडका घेतो आन गप पैसं देतो."

मला वाटत होतं, ही गोष्ट व्हरांड्यातच आहे. ती बाजारात होती.

मग ती रडायला लागली. "त्येचं उडनं गेलं तर वाडीत तोंड कुटं दावायचं? त्यो फोटू काडून टाकत्याल. तू त्येला मांडीवर घेतलेलं हाय, चाची."

"घेतलंय," मी म्हटलं. "तांदूळ घेऊन जा."

"न्हाई नेत."

"मग मशिदीत देते. जा."

ती गेली. मी तांदूळ खरंच दिले. तीन दिवस मी काही ठरवलं नाही, कारण ठरवायला काही नव्हतं. डॉक्टरांना मात्र सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे त्यांच्या कानाचंही सांगावं लागलं असतं.

बुधवारी कॅप्टन पायी आला, कडी नीट उघडली, चिक्की आणली नाही. डॉक्टर खिडकीतून म्हणाले, "हा तुमच्या गावचा ना? चालणं चांगलं आहे." त्यांना तो आवडला. मावळातला पोरगा विमान चालवतो याचं त्यांना कौतुक होतं. डोळे उत्तम, छाती उत्तम, साखर बरोबर. उलट्या धरलेल्या पुस्तकातलाही आकडा त्यानं सांगितला. मग व्हरांडा.

उजवा कान. दहापैकी दहा. माझं बोट दहादा वर गेलं आणि डॉक्टर दहादा ओरडले. कॅप्टनच्या पाठीचा ताठा वाढला.

डावा कान. मी श्वास सोडला. 'साप.'

"बाप," तो म्हणाला. मोठ्यानं, विमानात माईकवर बोलतात तसा.

मूठ. डॉक्टर गप्प. पेन्सिल.

'खाट.' "वाट." मूठ. 'ताट.' "ताट." बोट. "बरोबर!" 'काप.' "माप." मूठ.

दहापैकी चार. डॉक्टर म्हणाले, "दुसरी यादी." दुसऱ्या यादीतही चारच. मी मोठ्यानं बोलले नाही आणि हळूही नाही. रोज बोलते तेवढंच. त्याच्या मानेला घाम आला तो मला दिसत होता. त्या मानेला मी तेल लावलंय. पण तेलाचा आणि कानाचा संबंध नाही.

"डावा कान, तिसऱ्यांदा," डॉक्टर म्हणाले. एवढी संधी ते कुणाला देत नसत.

मी म्हटलं, 'लाट.'

त्यानं लाट म्हटलं नाही, घाटही म्हटलं नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच हलक्या आवाजात तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला स्वतःलाच ऐकू येत नाही."

आणि माझं बोट वर गेलं.

मी मुद्दाम केलं नाही. दोन वर्षांची सवय. समोरून बरोबर उत्तर आलं की बोट वर जायचं. त्यानं सांगितलेलं बरोबर होतं.

डॉक्टरांनी बोट बघितलं आणि ओरडले, "बरोबर!"

कॅप्टन वळला. आधी हसला, मग त्याला माझं वर उठलेलं बोट दिसलं आणि त्याचं हसू गेलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला विचारलं, "काय म्हणाला?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. जसंच्या तसं. तोंडात मारल्यासारखं झालं असेल, पण मऊ करून सांगायला मला येत नाही.

कॅप्टनला आता धीर आला. जवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "साहेब, ही तपासणी चालत नाही. चाची किती हळू बोलते ते तुम्हाला कळतच नाही. ती मुद्दाम हळू बोलली तर?"

डॉक्टर म्हणाले, "किंवा मुद्दाम मोठ्यानं."

त्यानं नजर खाली घातली. म्हणजे आईला यानंच पाठवलं होतं, ते मला कळलं. डॉक्टरांना सगळं कळलं असेल असं नाही, पण फाटकातून अर्धा माणूस ओळखणारे ते, उरलेला तिथं कळला.

मग ते उठले. कागद स्टुलावर ठेवला, सावकाश चालत तांबड्या रेघेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. उजव्या कानात बोट घातलं. "बाई, घ्या."

कॅप्टन म्हणाला, "साहेब, याची गरज नाही."

त्यांना ते ऐकू आलं नाही.

मी यादी हातात घेतली आणि परत ठेवली. त्या याद्या त्यांनी स्वतः लिहिलेल्या. पाठ करून आलेल्याला पुस्तक सरळ दाखवायचं नाही, हे मी त्यांच्याचकडून शिकले होते. मी श्वास सोडला आणि म्हटलं, 'चूल.'

"खाट," डॉक्टर म्हणाले.

'मूल.'

"ताट."

'फूल.' "पाट." 'झूल.' "वाट." छाती पुढे काढून, एकेक शब्द खणखणीत. कॅप्टन माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं. मी दहाही शब्द म्हटले. त्यांनी दहाही उत्तरं दिली, त्यांच्या यादीच्या क्रमानं. मग कान बदलला. मी दुसरे दहा म्हटले, त्यांनी दुसरी यादी म्हटली. चुकले नाहीत, मध्ये अडखळलेही नाहीत.

ते वळले. चेहऱ्यावर, खरं सांगते, खुशी होती. "किती?"

मी जवळ गेले. "एकही नाही."

"एकही? कसं शक्य आहे?"

"मी खाट म्हटलंच नाही, डॉक्टर. चूल म्हटलं. तुम्ही यादी म्हणत होता."

तीन-चारदाच हसताना पाहिलंय असं मी म्हटलं ना, त्यातलं हे एक. खिडकीच्या काचा हादरल्या. मग खाली बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. कॅप्टनला म्हणाले, "उभे का? बसा. तुमचं म्हणणं मान्य. माझ्या कानावर तुमचा निकाल लागू शकत नाही. पण या बाईच्या कानावर लागला आहे, आणि तिच्या कानात काही दोष नाही. तिनं तुमचा कान तपासला, माझाही तपासला. दोघांना एकच माप लावलं."

"माझं काय होणार, साहेब?"

"आज तात्पुरते अनफिट. मोठ्या दवाखान्यात मशीनवर तपासा. कानातलं बारीक हाड अडकलं असेल तर ऑपरेशन होतं. हे लपवून वर गेला असतात आणि मनोऱ्यानं 'थांब' म्हटलेलं तुम्ही दुसरंच काही ऐकलं असतंत, तर त्यावर ऑपरेशन नाही."

कॅप्टन उठला. जाताना मला म्हणाला, "चाची, बोट तरी खाली ठेवायचंस." मी म्हटलं, "खोटं बोलला असतास तर ठेवलं असतं."

त्याला घरी बसावं लागलं. वर्षभर. ऑपरेशन झालं, पुन्हा तपासण्या झाल्या, आता उडतो. वाडीच्या वळणावरचा फ्लेक्स मधल्या पावसात फाटला, कुणी काढायची गरज पडली नाही. त्याची आई माझ्याशी बोलत नाही. लग्नात भेटली तर पदर सावरून दुसरीकडे बघते. बघू दे.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी कपाटातून एक कोरा फॉर्म काढला. कॅप्टन लोकांचा भरतात तोच. वर स्वतःचं नाव लिहिलं. डोळे, छाती, साखर स्वतः तपासून आकडे भरले. कानापुढे दोन्ही बाजूला शून्य. मी म्हटलं, "तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही कुठं विमान चालवता?"

"चालवणाऱ्यांना तपासतो ना? मग नियम मलाही." खाली लाल पेननं अनफिट लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "इथं सही करा."

"मी?"

"तपासणाऱ्याची सही आहे ती. मी कशी करणार? स्वतःचा पेपर स्वतः कोण तपासतो? तपासलंत तुम्ही."

मी चौथीपर्यंत शिकले. रेशनकार्डावर, बँकेत, मतदानाला सही केली आहे. त्या जागेवर डॉक्टर लोक सही करतात हे मला ठाऊक होतं. पण काम मी केलं होतं. मी बसले आणि माझं पूर्ण नाव मराठीत लिहिलं, रेघेच्या वर, सरळ. त्यांनी फॉर्म पाकिटात घातला आणि दिल्लीला पाठवला. त्या दिवसापासून कुणाला तपासलं नाही. आलेल्यांना मी फाटकातूनच परत पाठवायचे.

दोन महिन्यांनी दिल्लीहून पत्र आलं. इंग्रजीत. डॉक्टरांनी ते व्हरांड्यात उभं राहून मला मराठीत वाचून दाखवलं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. आपल्या फॉर्मवर ज्या तपासनिसांची सही आहे त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक कळवावा.

त्यांनी तिथंच स्टुलावर बसून उत्तर लिहिलं आणि तेही वाचून दाखवलं. "पदवी: चौथी पास. नोंदणी क्रमांक: नाही. कान: दोन्ही उत्तम."

मी म्हटलं, "हे पाठवणार?"

"खोटं आहे का काही?"

खोटं काही नव्हतं. पाकीट मीच पोस्टात टाकलं. पुढच्या महिन्यात यादीतून त्यांचं नाव गेलं. म्हणजे माझी सही चालली.